संकेतांचे व्याकरण

(तृतीय वर्ष कला)

आपल्या महाविद्यालयाच्या पत्त्याखाली ४२२००३ असा सहा आकडी क्रमांक लिहिलेला असतो. पंचवटीत राहणाऱ्या लहानथोरांना तो पाठ आहे. परंतु हा नुसता क्रमांक नसून ते एक वाक्य आहे, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. त्यातला पहिला ४ सांगतो की पत्र देशाच्या पश्चिमेकडील टपाल विभागात, म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड या बाजूला जावयाचे आहे. पहिले तीन आकडे, ४२२, मिळून नाशिक सांगतात; शेवटचे ००३ हे पंचवटीचे टपाल कार्यालय. आता शेजारी मालेगावचा किंवा मनमाडचा क्रमांक ठेवून पाहा. तेथे आरंभी ४२३ दिसेल. दोन क्रमांक शेजारी ठेवताच कोणता आकडा काय बोलतो, ते आपोआप उलगडू लागते.

ही पिनकोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. एकाच नावाची अनेक गावे, नाना लिप्यांत लिहिलेले पत्ते आणि नाना तऱ्हांची अक्षरे यांतून टपाल खात्याला वाट काढावयाची होती. ती वाट काढण्याचे श्रेय श्रीराम भिकाजी वेलणकर या टपाल खात्यातील वरिष्ठ अधिकाऱ्याला दिले जाते. येथे मुद्दाम सांगण्याजोगी गोष्ट अशी की वेलणकर हे संस्कृतचे नामांकित कवी व नाटककार होते. ज्या माणसाने वृत्ते आणि समास यांत आयुष्य घालविले, त्यानेच देशातल्या प्रत्येक टपाल कार्यालयाला आकड्यांचे नाव दिले. मला यात विसंगती दिसत नाही. भाषेचा नियम शोधणारी बुद्धी आणि संकेताचा नियम शोधणारी बुद्धी या दोन नव्हेत, एकच होय. प्रस्तुत लेखात मला एवढेच सांगावयाचे आहे.

हे सांगण्याची निकड का वाटली, तेही सांगतो. आमच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी पुष्कळ मुले-मुली बसतात. इतिहास, राज्यघटना, भूगोल यांवर बोलताना आपली कला शाखेची मंडळी कोणाला हार जात नाहीत. परंतु बुद्धिमत्ता चाचणीची पुस्तिका उघडली, आणि ‘एका सांकेतिक भाषेत अमुक शब्द असा लिहितात, तर तमुक कसा लिहाल?’ असा प्रश्न पुढे आला, की चेहरे उतरतात. माझ्या एका मैत्रिणीची तर पक्की समजूत होती की हे प्रश्न गणितवाल्यांचे, आपण ते सोडूनच द्यावयाचे. मराठीच्या पेपरात ती वर्गात पहिली येते!

सोडून देणे परवडण्याजोगे मात्र राहिलेले नाही. पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेत अंकगणित, सामान्यज्ञान व मराठी व्याकरण यांच्या जोडीला बुद्धिमत्ता चाचणी हा स्वतंत्र भाग असतो. केंद्रीय लोकसेवा आयोगाने २०११ साली पूर्वपरीक्षेत ‘सीसॅट’ नावाची प्रश्नपत्रिका आणली. ती अभियांत्रिकीच्या व इंग्रजी माध्यमाच्या विद्यार्थ्यांना झुकते माप देते, अशी तक्रार करीत २०१४ मध्ये देशी भाषांतून शिकलेली मुले दिल्लीत रस्त्यावर उतरली. २०१५ पासून ती केवळ पात्रतेपुरती, म्हणजे २०० पैकी ३३ टक्के गुणांची राहिली. आपल्या राज्य लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेतही पुढे हाच नियम आला. परंतु ‘केवळ पात्रतेपुरती’ या शब्दांनी फसू नये. हे ६६ गुण मिळाले नाहीत, तर पहिल्या प्रश्नपत्रिकेतील इतिहास-भूगोलाचे भरघोस गुण मोजलेच जात नाहीत.

अंदाजाने खूण करून निभावेल म्हणावे, तर त्याचाही हिशेब करून पाहा. केंद्रीय आयोगाच्या या प्रश्नपत्रिकेत ८० प्रश्न, दर प्रश्नाला अडीच गुण आणि चुकल्यास त्याचा एक तृतीयांश वजा. चार पर्यायांतून डोळे मिटून निवड केली, तर चार प्रश्नांत सरासरीने एक बरोबर येणार. अडीच गुण मिळणार. उरलेल्या तीन चुकांचे प्रत्येकी ०.८३ प्रमाणे तेच अडीच गुण जाणार. बाकी शून्य! तात्पर्य, अंदाजाला बाजारभाव नाही. रीतीने जाणे भाग आहे.

रीत आपल्या तर्कशास्त्रातली

ती रीत नवीन नाही. तर्कशास्त्राच्या तासाला आपण विगमनाच्या पायऱ्या शिकतो: निरीक्षण करावे, त्यावरून एक अभ्युपगम, म्हणजे तात्पुरता नियम, मांडावा, तो दुसऱ्या उदाहरणावर पडताळून पाहावा आणि पडताळ्यात टिकला तरच नव्या ठिकाणी लावावा. संकेताचे प्रश्न म्हणजे याच चार पायऱ्यांचा दीड मिनिटातला प्रयोग होय. बहुतेक विद्यार्थी पहिली, दुसरी आणि चौथी पायरी चढतात, तिसरी गाळतात. प्रश्न रचणाऱ्याला हे ठाऊक असते. म्हणूनच तो तिसरी पायरी गाळणाऱ्यासाठी एक चुकीचे पण गोंडस उत्तर पर्यायांत ठेवूनच देतो. हे कसे घडते, ते उदाहरणांनी पाहू.

इंग्रजी अक्षरांचे संकेत सर्वत्र विचारले जातात, म्हणून आरंभ त्यांपासून करू. त्यांसाठी दोनच गोष्टी मुखोद्गत असाव्यात. पहिली म्हणजे अक्षरांचे अनुक्रमांक: ए म्हणजे १, बी म्हणजे २, असे झेड म्हणजे २६ पर्यंत. सगळे पाठ करण्याची गरज नाही. ई, जे, ओ, टी, वाय ही पाच अक्षरे अनुक्रमे ५, १०, १५, २०, २५ आहेत एवढे लक्षात ठेवावे, म्हणजे दोन-दोन घरे मागेपुढे जाऊन कोणतेही अक्षर सापडते. दुसरी गोष्ट विरुद्ध अक्षरांची. ए-झेड, बी-वाय, सी-एक्स अशा समोरासमोरच्या जोडीची बेरीज नेहमी २७ येते. म्हणून आर (१८) च्या समोरचे अक्षर हवे असेल, तर २७ मधून १८ वजा करावे. ९ उरले, म्हणजे आय.

आता सोपा संकेत घ्या. जी-ओ-डी-ए (गोदा) हा शब्द आय-क्यू-एफ-सी असा लिहिला आहे. अनुक्रमांक मांडा: ७-१५-४-१ चे ९-१७-६-३ झाले. प्रत्येक अक्षर दोन घरे पुढे सरकले. मग आर-ए-एम-ए चे टी-सी-ओ-सी होणार. यात कठीण काही नाही. मात्र अक्षरांकडे बघत बसू नये, त्यांखाली आकडे लिहावेत. अक्षरे डोळ्यांना भूल घालतात, आकडे घालीत नाहीत.

प्रश्न थोडा कठीण करावयाचा असला, की सरकण्याचे अंतर बदलते ठेवतात. के-यू-एम-बी-एच (कुंभ) याचे एल-डब्ल्यू-पी-एफ-एम असे केले, तर प्रत्येक अक्षराखालचा फरक १, २, ३, ४, ५ असा वाढता आहे. पहिल्याच अक्षरावरून ‘एक घर पुढे’ असा नियम ठरवून धावत सुटणारा येथे दुसऱ्या पावलावर अडखळतो. म्हणून सर्व अक्षरांखालचे फरक लिहूनच नियम बोलावा.

एकच उदाहरण, नियम दोन

शब्दाऐवजी संख्या दिलेली असते, तेव्हा तिसऱ्या पायरीचे महत्त्व विशेष जाणवते. समजा, सांगितले की आर-ए-एम म्हणजे ९६. तर एस-आय-टी-ए म्हणजे किती? आर-ए-एम ची बेरीज १८ + १ + १३ = ३२. तीनपट केली की ९६. नियम सापडला! मग एस-आय-टी-ए ची बेरीज १९ + ९ + २० + १ = ४९, तिची तीनपट १४७. पर्यायांत १४७ आहे. खूण करून आपण मोकळे.

जरा थांबा. बत्तीसची तीनपट का केली? ‘तीन’ हा ठरलेला गुणक होता म्हणून, की शब्दात तीन अक्षरे होती म्हणून? दुसरे कारण खरे असेल, तर एस-आय-टी-ए ला चार अक्षरे आहेत. ४९ ची चौपट, १९६. आणि १९६ सुद्धा पर्यायांत आहे! एका उदाहरणावरून दोन नियम सारखेच खरे ठरतात. त्यांतला कोणता, हे ते एकटे उदाहरण कधीच सांगू शकत नाही. म्हणूनच प्रामाणिक प्रश्नात दुसरे उदाहरण दिलेले असते: जी-ओ-डी-ए म्हणजे १०८. बेरीज २७, तिची तीनपट ८१, चौपट १०८. नियम निश्चित झाला, अक्षरसंख्येने गुणावयाचे, उत्तर १९६. दुसरे उदाहरण हे शोभेसाठी दिलेले नसते, ते साक्षीदार म्हणून उभे असते. त्याची साक्ष न काढता निकाल देऊ नये.

व्याकरण येथे उपयोगी पडते

आता देवनागरी अक्षरांचे संकेत. हे मराठी माध्यमाच्या प्रश्नपत्रिकांत येतात आणि येथे तर आपला हक्काचा वाटा आहे. इंग्रजी वर्णमालेच्या क्रमाला तसे कारण नाही. ए नंतर बी का, याला उत्तर नाही. आपली वर्णमाला मात्र रचलेली आहे. क पासून म पर्यंतचे पंचवीस स्पर्श वर्ण पाच ओळींत मांडा: कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य. प्रत्येक ओळीत पहिली दोन अक्षरे कठोर, पुढची दोन मृदू आणि पाचवे अनुनासिक. म्हणजे वर्णमाला हा पाच बाय पाचचा तक्ताच आहे. त्यात आडवेही जाता येते आणि उभेही.

या तक्त्यावर एक संकेत पाहू. ‘कट’ हा शब्द ‘ङण’ असा लिहितात. तर ‘गड’ कसा लिहाल? सरळ मोजणारा म्हणेल: क पासून ङ चार घरे पुढे, ट पासून ण चार घरे पुढे, म्हणून ग चा छ आणि ड चा थ, उत्तर ‘छथ’. व्याकरण जाणणारा म्हणेल: प्रत्येक अक्षराच्या जागी त्याच्याच ओळीतले अनुनासिक आले आहे, ग च्या ओळीत ङ, ड च्या ओळीत ण, उत्तर ‘ङण’. पुन्हा एका उदाहरणातून दोन नियम! साक्षीदार बोलावू: त्याच भाषेत ‘बद’ हा शब्द ‘मन’ असा लिहितात. ब पासून म दोनच घरे दूर आहे, द पासून न ही दोनच. चार घरांचा नियम कोसळला, अनुनासिकाचा टिकला.

आणि हा नियम आपणांस नवा आहे काय? जगत् + नाथ यांचे जगन्नाथ होते, षट् + मास यांचे षण्मास, वाक् + मय यांचे वाङ्मय. हीच ती अनुनासिक संधी. कठोर वर्णाच्या जागी त्याच ओळीतले तिसरे अक्षर आले, की वाक् + ईश यांचे वागीश आणि षट् + रिपु यांचे षड्रिपु होते. ती तृतीय व्यंजन संधी. शाळेपासून आपण संधीचे विग्रह करीत आलो. म्हणजेच संकेत उलगडत आलो. ‘वाङ्मय’ पाहून त्यामागचा ‘वाक्’ ओळखणाऱ्याला ‘ङण’ पाहून ‘कट’ ओळखता येऊ नये, असे कोणी म्हणेल तर मला ते पटणार नाही.

वाक्यांचे संकेत

तिसरा प्रकार वाक्यांचा. तो तर शुद्ध वाचनाचा आहे. त्यात एकही आकडा नसतो. एका सांकेतिक भाषेत,

‘राम वनात गेला’ म्हणजे ‘तोरू लिपा गम’;
‘लक्ष्मण वनात राहिला’ म्हणजे ‘सिवे गम नाडो’;
‘राम नगरात राहिला’ म्हणजे ‘नाडो काशू लिपा’.

तर ‘नगरात’ याला कोणता शब्द? येथे एका वाक्यावर डोळे लावून काही मिळत नाही. वाक्यांच्या जोड्या लावाव्यात. पहिल्या दोन वाक्यांत ‘वनात’ हा एकच शब्द समान, संकेतांत ‘गम’ समान. म्हणून वनात म्हणजे गम. पहिल्या-तिसऱ्यात ‘राम’ समान, म्हणून राम म्हणजे लिपा. दुसऱ्या-तिसऱ्यात ‘राहिला’ समान, म्हणून नाडो. तिसऱ्या वाक्यात आता उरला एकच शब्द आणि एकच संकेत: नगरात म्हणजे काशू. सापळा कोठे असतो? संकेतशब्दांचा क्रम मूळ वाक्याप्रमाणे असेल, असे मनाशी धरण्यात. दुसऱ्या वाक्यात क्रम जुळतो, पहिल्यात जुळत नाही. तेव्हा क्रमावर विसंबू नये. फक्त समान आणि असमान एवढेच पाहावे. अनोळखी भाषेतला शिलालेख वाचणारे संशोधकही ओळखीची नावे आणि पुन्हा पुन्हा येणारी अक्षरे शोधूनच वाट काढतात. रीत तीच; आपल्याला फक्त घाई अधिक.

परंपरा आपलीच

संकेत ही काही परीक्षा मंडळांनी काढलेली नवी खोडी नव्हे. आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये ‘आर्यभटीय’ रचले, त्यात संख्या लिहावयास अक्षरेच वापरली: क पासून म पर्यंत १ ते २५, य पासून ह पर्यंत ३०, ४० असे शंभरपर्यंत, आणि स्वरांनी त्या संख्येचे स्थान ठरवावयाचे. ग्रंथ पद्यात असल्याने लांबलचक आकडे वृत्तात बसविणे भाग होते. त्यासाठी ही युक्ती.

याहून सोपी पद्धत ‘कटपयादि’ नावाची. दक्षिणेत, विशेषतः केरळातील ज्योतिर्विदांनी ती फार वापरली. क पासून झ पर्यंत १ ते ९; ट पासून ध पर्यंत पुन्हा १ ते ९; प पासून म पर्यंत १ ते ५; य पासून ह पर्यंत १ ते ८. ञ आणि न यांना शून्य. काना-मात्रा, अनुस्वार यांना किंमत नाही. जोडाक्षरात शेवटच्या व्यंजनाचीच किंमत धरावयाची. आणि आलेले अंक उजवीकडून डावीकडे वाचावयाचे. ‘जय’ या शब्दात ज म्हणजे ८, य म्हणजे १. उलट वाचले की १८. महाभारताचे ‘जय’ हे नाव आणि त्याची अठरा पर्वे यांची सांगड अशीच घातली जाते. कर्नाटक संगीतातील बहात्तर मेळकर्त्यांची नावेही या पद्धतीने बांधली आहेत: ‘धीरशंकराभरण’ यातील धी म्हणजे ९, र म्हणजे २, म्हणून तो २९ वा मेळ.

गंमत म्हणून मी आपल्या गावाची नावे या पद्धतीने वाचली. ‘नाशिक’: ०, ५, १, उलट वाचता १५०. ‘पंचवटी’: प १, च ६, व ४, ट १, उलट वाचता १४६१. हा आकडा पाहून मी चकित झालो. एका लीप वर्षासह चार वर्षांचे दिवस बरोबर १४६१ होतात! अर्थात हा निव्वळ योगायोग आहे, त्यातून गूढ काढू नये. परंतु दिनदर्शिकेवरचे प्रश्न सोडविताना चार वर्षांचे दिवस लागतात, तेव्हा मला ते आता मोजावे लागत नाहीत, पंचवटीच आठवते.

मराठी वाङ्मयाच्या विद्यार्थ्याला तर आणखी जवळचे उदाहरण आहे. महानुभाव पंथाने आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. त्यांतली ‘सकळ लिपी’ विशेष प्रसिद्ध. ती रवळोबासांची म्हणून सांगतात. ‘लीळाचरित्रा’सारखा मराठी गद्याचा आद्य ठेवा पंथाबाहेरच्या वाचकांना शतकानुशतके बंद राहिला, त्याचे एक मोठे कारण ही लिपी. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी तिचा उलगडा केला आणि जुन्या मराठीचे एक दालन अभ्यासकांपुढे उघडले. आज आपण ते ग्रंथ नेमलेले पुस्तक म्हणून सहज हाती घेतो. ते आपल्या हाती आले, त्यामागे हे संकेत उलगडण्याचे काम आहे. ते करणारा इतिहासाचा आणि भाषेचा अभ्यासक होता.

बाजारातही संकेत चालतच आले आहेत. जुन्या कापडदुकानांत ठाणाच्या चिठ्ठीवर खरेदीची किंमत आकड्यांऐवजी अक्षरांत टिपण्याची चाल होती, म्हणजे गिऱ्हाइकासमोर भाव सांगताना दुकानदाराला आपला नफा कळावा, गिऱ्हाइकाला कळू नये. त्यासाठी दहा निरनिराळ्या अक्षरांचे एखादे वाक्य ठरवून ठेवावयाचे. नमुन्यादाखल मी एक बनविले आहे: ‘घे माल चोख, भाव रोकडा’. यात घ, म, ल, च, ख, भ, व, र, क, ड ही दहा अक्षरे, एकही पुन्हा न येणारी. त्यांना क्रमाने १ ते ९ आणि शेवटच्या ड ला शून्य दिले, की २४० चे ‘मचड’ आणि ३८५ चे ‘लरख’ झाले. परीक्षेतील ‘कमल म्हणजे ५२७, मगर म्हणजे २९४, तर कलम आणि गरम म्हणजे काय?’ हा प्रश्न याच जातीचा. क ५, म २, ल ७, ग ९, र ४. म्हणून कलम ५७२ आणि गरम ९४२. येथेही दोन्ही शब्दांत समान असलेला ‘म’ आणि दोन्ही संख्यांत समान असलेला २ आधी जुळवून घ्यावा. तो जुळला, तर अंक अक्षरांच्याच क्रमाने दिले आहेत याची खात्री पटते; न जुळला, तर ते उलटसुलट केले आहेत हे वेळीच कळते.

एका शंकेचे समाधान

कोणी प्राध्यापक महाशय विचारतील: दिलेल्या उदाहरणांना लागू पडणारे नियम शोधले तर अनेक निघतील, मग ‘बरोबर’ उत्तर एकच कसे? शंका रास्त आहे. तर्कशास्त्रही सांगते की विगमनाचा निष्कर्ष संभाव्य असतो, अटळ नसतो. परीक्षेत त्याचा व्यवहारी तोडगा असा: दिलेली सर्व उदाहरणे जो नियम सांगतो, तो घ्यावा, असे दोन असतील, तर ज्याला कमी शब्द लागतात तो घ्यावा, आणि त्याने काढलेले उत्तर पर्यायांत नसेल, तर हट्ट न धरता नियम सोडून द्यावा. कधी कधी प्रश्नच सदोष असतो. अशा वेळी दीड-दोन मिनिटांवर त्यात अडकू नये, पुढे जावे. दोन तासांत ८० प्रश्न म्हणजे एका प्रश्नाला दीड मिनिट. एका हट्टापायी तीन सोपे प्रश्न गमावणे हा शहाणपणा नव्हे.

हेही कबूल केले पाहिजे की संकेत सोडविता येणे म्हणजे बुद्धिमत्ता नव्हे. तो सरावाचा भाग आहे, आणि सराव ज्याला मिळाला तो पुढे जातो. शहरातील महागड्या वर्गांत हा सराव विकत मिळतो. दिंडोरी-पेठकडून रोज एस. टी. ने येणाऱ्या मुलाला तो मिळत नाही. एवढ्यावरून त्या मुलाने स्वतःला ‘गणितात कच्चा’ म्हणवून घ्यावे, हे मात्र मला मान्य नाही. त्याला संधी येते, समास येतो, वृत्ताची लगक्रमाने फोड येते. लघु-गुरूंच्या खुणा मांडून, गण पाडून वृत्ताचे नाव सांगणे म्हणजे संकेत सोडविणे नव्हे तर दुसरे काय? म्हणून माझी प्राध्यापकांना नम्र विनंती आहे की आठवड्यातून एक तास व्याकरणाच्या आणि तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्यांना एकत्र बसवून असे प्रश्न फळ्यावर घ्यावेत. खर्च खडूचा; लाभ मात्र पुष्कळांच्या नोकरीचा.

शेवटी मित्रांसाठी तीन प्रश्न देतो. उत्तरे खाली आहेत. पण आधी कागद-पेन्सिल घ्यावी, फरक मांडावेत, साक्षीदार तपासावा.

१. ‘कच’ म्हणजे ‘खछ’ आणि ‘ङञ’ म्हणजे ‘कच’. तर ‘मन’ म्हणजे काय?
२. के-यू-एम-बी-एच म्हणजे एल-डब्ल्यू-पी-एफ-एम. तर जी-एच-ए-टी (घाट) म्हणजे काय?
३. कटपयादि पद्धतीने ‘तपोवन’ म्हणजे कोणती संख्या?

उत्तरे: (१) पत. ओळीतले पुढचे अक्षर घ्यावयाचे, आणि ओळ संपली की त्याच ओळीच्या आरंभी यावयाचे. पहिल्या उदाहरणावरून हे कळत नाही, दुसऱ्यावरून कळते. (२) एच-जे-डी-एक्स. (३) त ६, प १, व ४, न ०. उलट वाचता ०४१६, म्हणजे ४१६.

तिन्ही बरोबर आली असतील, तर ‘हे आपले काम नव्हे’ हे वाक्य यापुढे उच्चारू नये. एखादे चुकले असेल, तर नियम कोणत्या उदाहरणाशी ताडून पाहावयाचा राहिला, तेवढे शोधावे. बाकीचे व्याकरण आपल्याला येतेच आहे.